ज्याचं तोंड त्यानेच रंगवायचं

मुलीच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्याशी पहिला ठिपका दिसला तेव्हा ती आठ वर्षांची होती. मला वाटलं, टूथपेस्ट सुकली आहे. ओल्या बोटाने पुसलं, निघालं नाही. पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा पुसायला गेले तेव्हा तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "आई, ते माझंच आहे."

आम्ही तेव्हा सौदीत, रास तनुराला लागून असलेल्या रहिमा गावात राहत होतो. नवरा तेलाच्या रिफायनरीत एका कंत्राटदाराकडे पेंट इन्स्पेक्टर होता. मोठमोठ्या टाक्या आणि पाइप समुद्राच्या खाऱ्या हवेने गंजतात. वाळूचा मारा करून तो गंज काढायचा आणि वर रंगाचे थर चढवायचे, असं ते वर्षभर चालणारं काम. थर हवा तेवढा जाड बसलाय का, कुठे फोड आलाय का, हे हातातल्या छोट्या यंत्राने तपासायचं आणि कागदावर उतरवायचं, ही त्याची नोकरी. रंग उखडलेला दिसला की त्याची झोप उडायची. त्यामुळे पोरीच्या तोंडावर डाग उमटला तेव्हा त्याने जे केलं ते त्याच्या स्वभावाला धरूनच होतं. तो मोजायला लागला.

डॉक्टरांनी पंधरा मिनिटांत सांगून टाकलं होतं. हा संसर्ग नाही, जिवाला काही धोका नाही, वाढेल किंवा वाढणारही नाही, मलम लावत राहा. इंग्रजीत त्याला एक लांबलचक, सभ्य नाव होतं. मराठीत 'कोड' एवढा दोनच अक्षरांचा शब्द, पण तो आमच्या घरात कोणी उच्चारत नव्हतं. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "इकडे कोणाला बोलू नका. मुलीची जात आहे." नवरा दर शुक्रवारी सकाळी तिला ट्यूबलाइटखाली उभी करायचा, डागावर पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा धरायचा आणि बारीक पेनाने कडा उतरवून घ्यायचा. खाली तारीख. दोन महिन्यांत ओठाचा डाग वाटाण्याएवढा झाला आणि उजव्या डोळ्याच्या वर, भुवईत, दुसरा उमटला. भुवईचे तेवढेच केस पांढरे झाले.

मोजताना तो तिच्या डागाकडे बघायचा, तिच्याकडे नाही. हे मला दिसत होतं, आणि मी काही बोलत नव्हते, कारण मीही फार वेगळं करत नव्हते. वेणी घालताना मी तिला पाठमोरी बसवायला लागले होते.

ती शाळेच्या बसमध्ये खिडकीशी बसायची, डावी बाजू काचेकडे. एका मुलीने तिच्या बाटलीतलं पाणी नको म्हटलं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. दात घासायला ती बेसिनपाशी जाईना, स्वयंपाकघरातल्या सिंकवर घासायला लागली. सुरुवातीला मी ओरडले, भांड्यांवर थुंकतेस म्हणून. मग लक्षात आलं की सिंकवर आरसा नव्हता.

एकदा खोबर शहरात खरेदीला निघालो होतो. सिग्नलला शेजारच्या गाडीत मागच्या सीटवर दोन बायका होत्या, काळ्या नकाबातून फक्त डोळे दिसत होते. मुलगी बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "आई, मला ते तोंडावरचं कधी घेता येईल?"

"तू लहान आहेस. आणि आपल्याला घ्यावं लागत नाही."

"लागत नाही, माहितीये. मला घ्यायचंय."

सिग्नल सुटला. नवऱ्याने गाडी पुढे काढली.

पुढच्या वर्षी, ती चौथीत असताना, शाळेत प्रदर्शन ठरलं. वर्गातल्या मुलींचे गट पाडून प्रत्येक गटाला एक विषय दिला होता. हिच्या गटाला आला 'जगभरातले रंगवलेले चेहरे'. तक्ते करायचे, माहिती सांगायची, आणि प्रदर्शनाच्या दिवशी गटातल्या मुलींनी आपले चेहरे रंगवून उभं राहायचं, येणाऱ्या मुलींचेही रंगवायचे. बाईंनी चिठ्ठीत एक ओळ मुद्दाम खाली रेघ मारून लिहिली होती, देवादिकांचं काही नको. ते आम्हाला सांगायची गरज नव्हती. परक्या मुलखात काय पडद्याआड ठेवायचं हे एव्हाना सगळ्यांनाच कळत होतं.

मुलीने घरी येऊन तक्त्याचे कागद सोफ्यामागे टाकले. "आय डोंट वॉन्ट धिस. सगळ्या माझ्याकडे बघणार."

मी कागद उचलले. थोड्या वेळाने तीच माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. "पण आई, सगळं तोंड रंगवलं तर दिसणार नाही ना?"

"नाही दिसणार," मी म्हटलं. म्हणून बसले, आणि मग काळजी लागली. मला रांगोळी येते, मेंदी येते. माणसाचं तोंड मी जन्मात कधी रंगवलं नव्हतं.

संध्याकाळी आम्ही दोघी कॉम्प्युटरपुढे बसायला लागलो. फोनच्या तारेवरून इंटरनेट यायचं, चित्र वरून खाली हळूहळू उघडायचं. आधी कपाळ, मग भुवया, मग डोळे. तेवढ्यावरून हा कोण असेल हे ओळखायचा खेळ तिने काढला. हिरवं कपाळ दिसलं की ओरडायची, "केरळ!" कारण कथकलीत हिरवा रंग सज्जन नायकाचा, हे तिला बाईंनी सांगितलं होतं. चिनी नाटकात लाल तोंडाचा माणूस निष्ठावान आणि पांढऱ्या तोंडाचा कपटी, हे वाचून तिने तोंड वाकडं केलं. "पांढराच का कपटी?" जपानी नाटकात तर पांढऱ्या थरावरच सगळं रंगवतात, हे मी तिला पुढच्याच पानावर दाखवलं. आफ्रिकेतल्या एका जमातीच्या बायका अंगाला लोण्यात कालवलेली लाल माती फासतात. जुन्या इजिप्तमधले पुरुषसुद्धा डोळ्यांत काजळ घालायचे, उन्हाची तिरीप कमी लागावी म्हणून. शिकारीला जाताना, लढाईला जाताना, लग्नात, कोणी मेल्यावर, पाऊस मागताना, माणसाने तोंड रंगवलं नाही असा प्रसंगच सापडेना. मुलगी तक्त्यावर चित्रं काढत होती आणि तिचा हात चांगला होता. तो माझ्यावर गेलाय असं मी म्हणायचे.

नवऱ्याची एक पद्धत होती. महिन्यातून एका शुक्रवारी तो साइटवरच्या कोकणातल्या एखाद्या माणसाला घरी जेवायला बोलवायचा. ही माणसं कॅम्पात एका खोलीत सहा-सहा जण राहायची, मेसमधलं जेवून कंटाळलेली असायची. त्या शुक्रवारी जो आला तो कुडाळकडचा होता. ब्लास्टर-पेंटर. पंचेचाळिशीचा, झुपकेदार मिशांचा, वाळूच्या माऱ्यापुढे वर्षानुवर्षं उभं राहून गालांची कातडी खडबडीत झालेला. आल्या आल्या त्याने बूट बाहेर काढले आणि हातातली केळी माझ्याकडे दिली. मी त्याला भाऊ म्हणायला लागले आणि तो मला वयनी.

सुरमईची आमटी आणि भात झाल्यावर तो हात पुसत हॉलमध्ये आला. जमिनीवर तक्ता पसरलेला होता. मुलगी त्याला बघून पाठमोरी झाली. तो उकिडवा बसून बघत राहिला.

"ह्या कोणी काढल्यान?"

"हिने," मी म्हटलं.

"बरा काढल्यान. पण ह्यो डोळो चुकलो हा." त्याने कथकलीच्या डोळ्यावर बोट ठेवलं. "ही रेघ कानाकडे गेली व्हयी. नायतर लांबसून बघणाऱ्याक डोळोच दिसाचो नाय."

मुलगी पाठमोरीच म्हणाली, "तुम्हाला काय माहीत?"

मी तिला दटावणार होते, पण तो हसला. "माका म्हायती नाय तर कोणाक? मी पंधरा वर्सां दशावतारात स्त्रीपार्टी करी होतंय. राणी, राक्षसीण, सगळी माणसां ह्याच तोंडार."

आता ती वळली. त्याच्या मिशांकडे बघितलं. "तुम्ही मुलगी व्हायचात?"

"मुलगी नाय गो, राणी."

नवराही थक्क झाला. चार वर्षं दोघे एकाच साइटवर होते आणि त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. तेव्हा भाऊने सांगितलं की त्यांच्याकडे जत्रांमधून गावोगाव फिरणारी नाटकमंडळी असते. कागदावर लिहिलेलं काही नसतं, कथा तेवढी ठरलेली, बोलणं प्रत्येकाने आयत्या वेळी उभं करायचं. तो बारा वर्षांचा असल्यापासून त्यात होता. दोन मुली झाल्यावर मंडळी सोडली आणि इकडचा व्हिसा काढला. त्याला आता अकरा वर्षं होत आली होती.

मुलगी त्याच्या जवळ सरकली. इतक्या जवळ ती कोणा बाहेरच्या माणसाच्या गेलेली मी कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती. "काका, तुम्ही मला रंगवाल? सगळं तोंड? काहीच दिसायला नको."

तिने बोट कुठे ठेवलं नाही. त्यालाही विचारावं लागलं नाही. त्याने तिच्या ओठाकडे बघितलं, भुवईकडे बघितलं, मग डोळ्यांकडे. आम्ही लोक बघून न बघितल्यासारखं करतो तसं त्याने केलं नाही. सावकाश बघितलं, रंगवणारा माणूस बघतो तसं.

"रंगवलंय असतंय," तो म्हणाला. "पण आमच्यात तशी रीत नाय. ज्येचा तोंड त्येनाच रंगवूचा. राजा असो नायतर राक्षस, आपलो आरसो घेऊन आपणच बसता."

"मला आरसा नको."

"मगे आधी दुसऱ्याच्या तोंडार हात बसव. आरसो खय पळान जाता?" त्याने मांडी घातली, चष्मा काढून नवऱ्याच्या हातात दिला आणि चेहरा पुढे केला. "घे. ह्यो चेहरो बिघडलो तरी चलात. असोय बिघडलेलोच आसा."

त्या दिवशी घरात रंग काहीच नव्हता. माझी लिपस्टिक, काजळाची डबी आणि टाल्कम पावडर. एवढ्यावर तिने त्याच्या एका डोळ्याभोवती रेघ ओढली. रेघ वाकडी गेली. तो तिला सांगत होता, मनगट गालावर टेकव म्हणजे हात हलणार नाही, श्वास सोडताना रेघ ओढ, घेताना नको. पाच वाजता कॅम्पाची बस होती. त्याने तोंड धुतलं आणि जाताना मला सामान सांगितलं. औषधांच्या दुकानातून झिंकची पांढरी पावडर, खोबरेल तेल, कुंकू, आणि चांगलं सुरमा-काजळ. "पेन्सिलीचा नको वयनी. खरा."

नवऱ्याने दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन करून झिंक पोरीच्या कातडीला चालेल ना, हे दोनदा विचारून घेतलं.

काजळासाठी आम्ही कतीफच्या गुरुवारच्या बाजारात गेलो. तिथे एका बाजूला बायकाच विकायला बसतात, चटईवर मेंदी, ऊद, सुक्या पाल्याच्या पुड्या मांडून. एक म्हातारी दगडासारखा काळा सुरमा विकत होती. मी मोडक्या अरबीत विचारत होते, पण म्हातारीचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. तिने मुलीची हनुवटी दोन बोटांनी वर केली. मी घाबरले. मुलगी मागे सरेल, रडेल, असं वाटलं. म्हातारी काहीतरी पुटपुटली, मग इकडेतिकडे पुरुष नाही असं बघून तिने आपल्या तोंडावरचं कापड बाजूला केलं. "शूफी," म्हणाली. बघ.

तिच्या सुरकुतलेल्या हनुवटीवर निळसर हिरव्या रंगाचे तीन ठिपके होते आणि खालच्या ओठापासून एक रेघ उतरली होती. गोंदण. आमच्याकडे बायकांच्या कपाळावर असतं तसंच. मुलगी शाळेत अरबी शिकत होती, तिने विचारलं आणि म्हातारी बोलत राहिली. मग मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, "तिच्या आईने केलंय, सुईने. ती माझ्याएवढी होती. खूप दुखलं म्हणते." आणि वर, "नोबडी आस्क्ड हर."

म्हातारीने तिचा हात धरून स्वतःच्या हनुवटीवर ठेवला. मुलीने तिन्ही ठिपक्यांवरून बोट फिरवलं. मग म्हातारीने ओढणी सारखी केली आणि सुरम्याची पुडी बांधायला घेतली. एवढंच झालं. परत येताना मुलीने पुडी हातातच धरली होती.

भाऊला रोज येता येत नव्हतं, शुक्रवारचाच दिवस मोकळा. मधल्या दिवसांत सरावाला चेहरा हवा. माझं तोंड दोनदा रंगवून झालं, मग तिला मोठं कपाळ हवं होतं. कपाळ नवऱ्याचं मोठं होतं.

तो नुकताच कामावरून आला होता. आधी नाही म्हणाला, मग चहा पिऊन जमिनीवर भिंतीला टेकून बसला. मुलगी त्याच्यासमोर गुडघ्यांवर उभी राहिली. तिने झिंक तेलात कालवून त्याच्या तोंडाला लावलं, बोटांनी, कानापर्यंत. त्याने डोळे घट्ट मिटले होते. मी भाजी निवडत होते. मला आठवत नव्हतं की त्याच्या चेहऱ्याला शेवटचा हात कोणी लावला होता. मीही नसेल लावला बरेच दिवस.

"बाबा, डोळे उघडा. काजळ घालायचंय."

"मिटूनच घाल."

"मिटून घालत नाहीत. उघडा आणि वर नको, माझ्याकडे बघा. हलायचं नाही."

त्याने डोळे उघडले. तिचा चेहरा त्याच्यापासून वीतभर होता. ती त्याच्या डाव्या डोळ्याच्या खालच्या कडेवर काडी धरून, जीभ दातांत दाबून, श्वास सोडत रेघ ओढत होती, आणि त्याला बघायला दुसरं काही नव्हतं. प्लॅस्टिकचा तुकडा नाही, पेन नाही. माझी भाजी हातातच राहिली.

काजळ ओघळलं. काळी धार पांढऱ्या रंगातून मिशीपर्यंत उतरली.

"बाबा! हललात."

"डोळ्यात गेलं."

"मी आत घातलंच नाही अजून."

"मग उगाच आलं असेल पाणी," तो म्हणाला, आणि रडण्याबद्दल आमच्या घरात त्या दिवशी एवढंच बोलणं झालं. तिने ओघळ कापसाने पुसला आणि पुन्हा सुरुवात केली. तो तिच्याकडे बघत बसून राहिला, कितीतरी वेळ, तिची रेघ मनासारखी येईपर्यंत. त्यानंतरच्या शुक्रवारी सकाळी त्याने मोजायला प्लॅस्टिक काढलं नाही. पुढच्याही नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "पेन सुकलंय." पेन सुकलं नव्हतं, मी बघितलं होतं.

आरशाचं भाऊने केलं. तिसऱ्या शुक्रवारी येताना तो दाढीचा छोटा गोल आरसा घेऊन आला, तळहाताएवढा. "ह्यात सगळो चेहरो दिसणा नाय," त्याने तिला दाखवलं. "डोळो बघलस तर डोळोच. गाल बघलस तर गालच. आमी असेच रंगवतो, एकेक करून." ती आरसा घेऊन खोलीत गेली आणि दार लावलं. आम्ही तिघं हॉलमध्ये बसून राहिलो. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली तेव्हा तिने दोन्ही डोळ्यांत काजळ घातलं होतं, कानाकडे ओढलेलं, आणि एका डोळ्याची रेघ दुसऱ्यापेक्षा जाड झाली होती. "हीच व्हयी," भाऊ म्हणाला. "आता बाकीचा येतलाच."

प्रदर्शनाच्या दिवशी वडिलांना मुलींच्या विभागात प्रवेश नव्हता. नवरा बाहेर गाडीत बसला, मी आत गेले. गटातल्या चार मुलींनी सकाळीच आपापली तोंडं रंगवून घेतली होती, वाघ, फुलपाखरू, असलं काहीतरी. हिचं राहिलं होतं. ती म्हणाली होती, माझं शेवटी, आरामात.

पण रांग लागली. गटात बारीक रेघ ओढता येणारी ही एकटीच, हे मुलींना कळायला वेळ लागला नाही. एक झाली की दुसरी येऊन समोर बसायची, चेहरा पुढे करायची. रंगवून घ्यायचं तर रंगवणाऱ्याच्या तोंडाशी तोंड आणावं लागतं, त्याला इलाज नाही. मी बाजूला ब्रश धुऊन देत होते. बसमधली ती पाणी नाकारणारी मुलगीही आली. मला नंतर कळलं की तीच ती, तेव्हा फक्त एवढं दिसलं की माझ्या मुलीचा हात क्षणभर थांबला. मग तिने मनगट तिच्या गालावर टेकवलं.

"हे दुखतं का?" ती मुलगी हिंदीत विचारत होती, ओठाकडे बघत.

"नाही. हलू नकोस."

"पसरतं का?"

"माझ्या अंगावर पसरतं. तुझ्या नाही. बोलू नकोस, वाकडं होईल."

हिने तिला चिनी नाटकातलं लाल तोंड करून दिलं, निष्ठावान माणसाचं, कपाळावर काळ्या भुवया उडत्या. मला वाटलं होतं ती तिला मुद्दाम बिघडवून देईल. त्या दिवशीचं सगळ्यात चांगलं तोंड तेच झालं.

शेवटी बाईंनी फोटोसाठी सगळ्यांना उभं केलं. मुलगी घाईघाईने पुढे जाऊन बसली, हातांना कोपरापर्यंत रंग, डोळ्यांत काय ते सकाळचं काजळ. बाकी चेहरा तसाच. गाडीत बसल्यावर बाबांनी विचारलं, "तू कोण झाली होतीस?" तेव्हा तिने तोंडावर हात नेला. "अरे! माझं राहिलंच." आणि पाण्याची बाटली काढून एका दमात अर्धी संपवली. तिला भयंकर तहान लागली होती.

भाऊला फोटो बघायचे होते. पुढच्या शुक्रवारी तो आला, एकेक फोटो दूर धरून बघितला, रेघांवर बोट ठेवून चुका काढल्या. जेवण झालं. मुलगी म्हणाली, "काका, आता तुम्ही. राणी."

तो नको नको म्हणाला. मग म्हणाला, मिशी आहे. मग मिशीवरून झिंकचा जाड थर बसतो का बघू, असं स्वतःच म्हणाला. हॉलचे पडदे आम्ही ओढून घेतले. त्याने भिंतीशी मांडी घातली, गोल आरसा डाव्या हातात धरला, आणि अर्धा तास कोणाशी बोलला नाही. कुंकू आणि झिंक मिसळून गुलाबी केलं. खडबडीत गालांवर ते बसेना, तर बोटांनी थापत राहिला. भुवया, डोळे, ओठ. मिशी पूर्ण झाकली गेली नाही. मी माझी जरीची साडी दिली, ती त्याने शर्टपँटवरूनच दोन मिनिटांत अशी नेसली की मला लाज वाटली.

मग तो उठून उभा राहिला आणि आमच्या हॉलमध्ये एक राणी होती. राज्यातून हाकलली गेलेली, रानात पोर हरवलेली. शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून त्याने आवाज दाबला होता, त्यामुळे ती जास्तच खरी वाटत होती. तिने झाडांना विचारलं, नदीला विचारलं, माझं बाळ पाहिलंस का. आमची सोफ्याची पाठ नदी होती. शेवटी ती मुलीपाशी आली, गुडघ्यांवर बसली, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "गावलंस मा गो."

मुलगी हसायच्या बेतात होती. हसली नाही. तिने त्याच्या गळ्यात हात टाकले आणि तिच्या फ्रॉकला सगळा रंग लागला.

बसची वेळ होत आली तशी धावपळ झाली. खोबरेल तेल, कापूस, साबण. मुलीनेच त्याचा चेहरा पुसून काढला. गुलाबी रंगाखालून मिशा निघाल्या, मग तो निघाला. दुसऱ्या दिवशी नवरा घरी येऊन सांगत होता की फोरमनने भाऊला विचारलं, कानामागे लाल काय लागलंय, तर भाऊ म्हणाला, "साहब, पेंटर हूँ, पेंट ही लगेगा."

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी त्याला तबूकच्या कामावर पाठवलं, पार दुसऱ्या टोकाला. निरोप घ्यायला आला तेव्हा आरसा परत मागितला नाही. तिकडून अधूनमधून फोन करायचा, आधी मुलीची चौकशी, मग थंडीची तक्रार. दोन वर्षांनी तो कायमचा गावी गेला. तिथून त्याने कळवलं की मंडळीने त्याला पुन्हा घेतलंय, पण आता राणी नाही, वय झालं, आता राजा करतो.

मुलीचे डाग थांबले नाहीत. गुडघ्यांवर आले, बोटांवर आले. औषधं चालू राहिली, काही उपयोगी पडली, काही नाही. काही दिवस वाईट जायचे, मी खोटं का सांगू. दुकानात कोणी टक लावून बघितलं की ती घरी येऊन दार आपटायची. पण दात ती बेसिनपाशी घासायला लागली होती, आणि वेणी मी तिला समोर बसवून घालायला शिकले, उलट्या हाताने, वेडीवाकडी.

ती अकरा वर्षांची असताना तिचा पासपोर्ट नवा करायचा होता. रहिमातल्या फोटो स्टुडिओत आम्ही तिघं गेलो. फोटोवाला पेशावरकडचा, प्रेमळ माणूस. त्याने फोटो काढला, कॉम्प्युटरवर मोठा करून बघितला आणि दबल्या आवाजात नवऱ्याला म्हणाला, "भाईसाब, ये मैं साफ कर दूँ? बिलकुल पता नहीं चलेगा."

नवऱ्याने तिच्याकडे बघितलं. पडद्यावर तिचा चेहरा भिंतीएवढा झाला होता, पांढरी भुवई, ओठाचा कोपरा, सगळं. तिने वाकून नीट बघितलं.

"नहीं अंकल," ती म्हणाली. "फिर एअरपोर्टवाला बोलेगा ये लडकी कौन है."

फोटोवाला हसला आणि छापायला गेला. त्याने सहा प्रती दिल्या. फॉर्मला चार लागल्या, एक मी फायलीत ठेवली, आणि उरलेली नवऱ्याने माझ्या हातातून घेऊन आपल्या पाकिटात, इकाम्याच्या म्हणजे तिथल्या ओळखपत्राच्या मागे सरकवली.